म्होरक्या पकडला, मग कारभारी कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे कुठलीही टोळी पकडली की पेपरात दोनच माणसं दिसतात. एक म्होरक्या, त्याचा फोटो पहिल्या पानावर, तोंडावर काळा बुरखा आणि दोन्ही बाजूला पोलीस. दुसरा पंटर, त्याचं नाव आतल्या पानात दोन ओळींत, वय आणि वाड्यासकट. या दोघांच्या मधे जो माणूस असतो, जो रोजचा कारभार बघतो, पैसे गोळा करतो, वाटतो, वरचा निरोप खाली पोचवतो आणि खालची भांडणं वर जाऊ देत नाही, तो कधीच दिसत नाही. माझं म्हणणं असंय की टोळी चालते ती त्याच्या जिवावर, आणि तो कोण हे न विचारता "सूत्रधार गजाआड" असं हेडिंग टाकून बातमी बंद करणं बरोबर नाही. हे तुमच्या एकट्याच्या पेपराबद्दल नाही, गोव्यातले सगळेच पेपर आणि चॅनेलवाले हेच करतात, पण मी कितीतरी वर्षं तुमचा पेपर वाचतोय म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी कोर्टात कारकून होतो, आता रिटायर होऊन डिचोलीला घरी असतो. मटक्याच्या केसी आमच्याकडे इतक्या यायच्या की पंचनामा उघडायच्या आधी आत काय असेल ते सांगता यायचं, रोख रक्कम, एक बॉलपेन, आकडे लिहिलेलं पॅड, पुढे पुढे त्यात एक मोबाइल वाढला. पोरगा समोर यायचा, वीस-बावीसचं वय, बापाला बाजारात आपण ओळखत असतो, मान खाली घालून गुन्हा कबूल करायचा आणि दंड भरून मोकळा व्हायचा. पण दंड तो स्वतःच्या खिशातून नाही भरायचा. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर एक माणूस बसलेला असायचा, इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी डायरी, तो उठून पैसे पोराच्या हातात द्यायचा, पोरगा आत जाऊन भरून आला की लगेच पावती मागून घ्यायचा आणि घडी घालून डायरीत ठेवायचा, कारण त्याला वर हिशेब द्यायचा असायचा. पोरं वेगवेगळ्या गावची, केसी वेगवेगळ्या पोलीस स्टेशनच्या, आणि बाकावर माणूस मात्र तोच. त्याचं नाव मी एकाही चार्जशीटमध्ये वाचलं नाही. खरा मालक कोण ते त्या पोराला बहुतेक माहीतही नसणार, त्याची ओळख डायरीवाल्यापर्यंतच. कुणाला किती रकमेपर्यंत आकडा घ्यायला द्यायचा, कुणाचं कलेक्शन कुठे न्यायचं, कुणाला महिन्याला काय पोचवायचं, धाड पडली तर वकील कोण, हे सगळं त्याच्या डोक्यात.

आणि भोगतो कोण, तर तो पोरगा. आपली पोरं बोटीवर जातात, गल्फला जातात, पोलीस क्लिअरन्स लागतो, तिथं ही जुनी केस वर येते आणि सगळं अडतं. मी अशा आया बघितल्यात, साहेब यातनं नाव काढता येणार नाही का म्हणून विचारत फिरणाऱ्या. त्यांच्या मुलाचं नाव पेपरात छापून आलेलं असतं, डायरीवाल्याचं नसतं.

रिटायर झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा मी या विषयावर बरंच वाचलं, की जगात जिथं जिथं मोठ्या टोळ्या झाल्या तिथं हा दोन नंबरच्या जागेवरचा माणूस काय काम करतो. अमेरिकेतल्या माफियाची रचना यासाठी बघण्यासारखी आहे, कारण तिथं कोर्टात साक्षी झाल्या, टेप वाजल्या, त्यामुळे आतलं सगळं बाहेर आलं. १९३१ मध्ये साल्व्हातोरे मारान्झानोनं न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांची जी घडी बसवली आणि लकी लुचियानोनं पुढे चालवली त्यात वर बॉस, त्याच्या खाली अंडरबॉस, बाजूला एक सल्लागार, मग कॅपो म्हणजे एकेका गटाचे नायक, त्यांच्या हाताखाली सोल्जर, आणि सगळ्यात खाली नुसतीच कामं करणारी माणसं. सल्लागाराच्या हाताखाली फौज नसते, तो फक्त सांगतो. अंडरबॉसचा हुकूम चालतो. कॅपोंकडून येणारा पैसा आणि कॅपोंना जाणारा हुकूम बहुतेक त्याच्याच हातून जातो, म्हणजे बॉस आणि गुन्हा यांच्यामधे तो उभा असतो, आणि पोलिसांना बॉसपर्यंत पोचायचं तर याला ओलांडल्याशिवाय पोचता येत नाही.

पण जो माणूस सगळ्यांना भेटतो, सगळ्यांचे पैसे मोजतो, तो उद्या स्वतःच बॉस का होणार नाही, ही भीती पण तिथं कायम. १९५१ मध्ये या पाचांतल्या एका घराण्याचा व्हिन्सेंट मांगानो नावाचा बॉस गायब झाला, त्याची बॉडी आजपर्यंत सापडलेली नाही, आणि त्याच्या खुर्चीवर बसला त्याचाच अंडरबॉस अल्बर्ट अनास्तासिया. सहा वर्षांनी, २५ ऑक्टोबर १९५७ ला, अनास्तासियाला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या सलूनमध्ये दाढीच्या खुर्चीत गोळ्या घातल्या, आणि त्याच्या जागी आला त्याचा अंडरबॉस कार्लो गँबिनो. त्या घराण्याला आजही गँबिनोचंच नाव आहे.

या गँबिनोच्या घराण्याची पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७६ मध्ये गँबिनो वारला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की अंडरबॉस अनिएलो डेलाक्रोचे पुढे येणार, पण गँबिनोनं गादी दिली आपला मेव्हणा पॉल कॅस्टेलानो याला. डेलाक्रोचे भांडला नाही, अंडरबॉस म्हणूनच राहिला, आणि त्याच्या हाताखालचे जे आडदांड गट होते, ज्यांना कॅस्टेलानो अजिबात पसंत नव्हता, त्यांना त्यानं नऊ वर्षं आवरून धरलं. आपल्या खाजन शेतांच्या बांधाला मानस म्हणजे पाण्याचं दार असते ना, भरतीचं पाणी किती आत घ्यायचं आणि किती अडवायचं ते ती ठरवते, तसा हा माणूस दोन्ही बाजूंचा दाब सांभाळून होता. २ डिसेंबर १९८५ ला तो कॅन्सरनं गेला. कॅस्टेलानो त्याच्या अंत्यदर्शनालाही गेला नाही, आणि ही गोष्ट खालच्या माणसांना फार लागली. त्यानंतर बरोबर १४ दिवसांनी, १६ डिसेंबरला, मॅनहॅटनच्या एका स्टेक हाऊसच्या दारात कॅस्टेलानो गाडीतून उतरला आणि तिथंच मारला गेला, सोबत त्यानं नुकताच नेमलेला नवीन अंडरबॉस थॉमस बिलोटी पण. ज्याच्या माणसांनी हे केलं तो डेलाक्रोचेचाच चेला, जॉन गॉटी. आता बघा, त्या वेळी डेलाक्रोचेच्या मरणाकडे नुसतं "एक म्हातारा गुंड गेला" म्हणून ज्यानं बघितलं असेल त्याला पुढच्या दोन आठवड्यांत काय होणार ते कळलंच नसतं.

गॉटीचा स्वतःचा पहिला अंडरबॉस फ्रँक डिचिको चार महिन्यांत कारबाँबनं उडाला. पुढे त्या जागेवर आला साल्व्हातोरे ग्रॅव्हानो. एफबीआयनं गॉटीच्या क्लबच्या वरच्या फ्लॅटमध्ये गुपचूप मायक्रोफोन बसवले होते, डिसेंबर १९९० मध्ये दोघांना एकदमच उचललं, आणि त्या टेपा ऐकवल्या तेव्हा ग्रॅव्हानोला ऐकायला मिळालं की आपला बॉस आपल्या पाठीमागे खुनांचं खापर आपल्यावरच फोडतोय. तो फुटला. १९ खुनांत आपला हात असल्याचं त्यानं कबूल केलं, साक्ष दिली, आणि जो गॉटी आधीच्या केसींमधून सुटत सुटत आला होता तो एप्रिल १९९२ मध्ये दोषी ठरला, जन्मठेप झाली, जेलमध्येच २००२ मध्ये मेला. फिलाडेल्फियात तर त्याआधीच, १९८९ मध्ये, बॉस निकी स्कार्फोचा सख्खा भाचा फिलिप लिओनेटी, जो त्याचा अंडरबॉस पण होता, सरकारकडे आला होता. बोनॅनो घराण्याचा जोसेफ मासिनो, त्याचा अंडरबॉस म्हणजे त्याचा मेव्हणा साल्व्हातोरे व्हिटाले, २००३ मध्ये दोघे पकडले गेल्यावर मेव्हण्यानं तोंड उघडलं, आणि २००४ मध्ये दोषी ठरल्यावर मासिनो स्वतःच सरकारचा साक्षीदार झाला. न्यूयॉर्कच्या पाच घराण्यांतला असा तो पहिलाच बॉस. भाचा, मेव्हणा, इतकी जवळची माणसं. विश्वासाचा माणूस लागतो म्हणून नात्यातला घ्यायचा, आणि कोर्टात पहिली साक्ष त्याचीच, हे तिकडे परत परत झालंय.

आता कुणी म्हणेल अमेरिकेतलं इथं कशाला. तर दुसरं एक उदाहरण सांगतो जे तुमच्या हेडिंगांना थेट लागू पडतं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या कमिशन खटल्यात, म्हणजे या घराण्यांच्या बॉसांच्या मंडळावर चाललेल्या खटल्यात, जेनोव्हेसे घराण्याचा बॉस म्हणून अँथनी सालेर्नो दोषी ठरला, जानेवारी १९८७ मध्ये त्याला १०० वर्षांची शिक्षा झाली. पेपरात बॉस म्हणून फोटो त्याचेच. आणि खरा बॉस होता व्हिन्सेंट जिगांटे, जो बाथरोब घालून रस्त्यावर पुटपुटत फिरायचा म्हणजे लोकांना वाटावं हा वेडा आहे. सालेर्नोला पुढे उभं केलेलं होतं. जिगांटेला शिक्षा व्हायला १९९७ उजाडलं आणि वेडाचं सोंग होतं हे त्यानं कोर्टात कबूल केलं २००३ मध्ये. म्हणजे एफबीआयसारख्या यंत्रणेलासुद्धा वरून एक कोण आणि दोन कोण हे ओळखताना फसायला झालं, तर आपल्याकडे पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये "मुख्य सूत्रधार" असा शब्द आला म्हणून तो तसाच उचलून आठ कॉलमात छापायचा का, हे तुम्ही ठरवा.

जपानच्या याकुझामध्ये या जागेला वाकागाशिरा म्हणतात, तो म्हणजे पुढचा वारस असंच धरलं जातं. यामागुची-गुमी ही त्यांची सगळ्यात मोठी टोळी, तिचा वाकागाशिरा मासारू ताकुमी, पैशाचं सगळं बघणारा माणूस, २८ ऑगस्ट १९९७ ला कोबे शहरातल्या हॉटेलच्या कॉफी लाउंजमध्ये मारला गेला. मारणारे बाहेरचे नव्हते, त्याच टोळीतल्या दुसऱ्या गटाचे. शेजारच्या टेबलावर एक डेंटिस्ट बसला होता, त्याचा कशाशी काही संबंध नाही, त्यालाही गोळी लागली आणि तोही गेला. टोळीतलं आतलं भांडण आहे, आपापसात मरू देत, असं आपण चहाच्या टपरीवर सहज बोलतो, त्यांनी या डेंटिस्टचा विचार करावा.

आणि मुंबई तर आपल्याला घरचीच, अर्ध्या गोव्याचे नातेवाईक गिरगाव-परळला. छोटा राजन, म्हणजे चेंबूरच्या टिळकनगरचा राजेंद्र निकाळजे, सिनेमाची तिकिटं ब्लॅकमध्ये विकण्यापासून सुरू झालेला, त्याचा म्होरक्या बडा राजन १९८३ मध्ये कोर्टाच्या आवारात मारला गेल्यावर वर आला आणि पुढे दाऊदचा उजवा हात झाला. दाऊद दुबईत आणि मुंबईचा कारभार राजनकडे, असे बरेच दिवस गेले. मग छोटा शकील वर चढायला लागला, त्या एका जागेसाठी दोघांची चुरस लागली, १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर राजन बाहेर पडला आणि पुढची कित्येक वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर दोन्हीकडची पोरं मरत राहिली. सप्टेंबर २००० मध्ये शकीलच्या माणसांनी राजनला बँकॉकमध्ये गाठलं, तो जखमी झाला पण वाचला, ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला गेला, आणि २०१८ मध्ये पत्रकार जे. डे यांच्या खुनात जन्मठेप झाली. त्या काळात काही पेपरांनी त्याला "देशभक्त डॉन" म्हणून डोक्यावर घेतलं होतं ते मला अजून खटकतं. पत्रकाराचाच खून करवणारा माणूस. त्यानं टोळी सोडली यात बाँबस्फोटाचा राग किती आणि खुर्ची हातची गेल्याचा राग किती, हे विचारणं पेपराचं काम होतं, आणि फार थोड्यांनी विचारलं.

गोव्यात एवढ्या मोठ्या टोळ्या नाहीत हे मान्य. पण मटका आहे, जत्रेत जुगाराची टेबलं लागतात ती आहेत, किनाऱ्यावर ड्रग्ज आहेत. २०१० मध्ये पोलीस आणि ड्रग्जवाल्यांच्या साटंलोटं प्रकरणात आपल्याच पोलिसांना अटक झालेली सगळ्यांना आठवत असेल. जमिनी हडपण्याचं प्रकरण आहे, त्यासाठी २०२२ मध्ये एसआयटी नेमली, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यातला एक मुख्य संशयित रायबंदरच्या कोठडीतून पळाला, सोबत पहाऱ्यावरचाच कॉन्स्टेबल, तेव्हा तुम्ही रोज पहिल्या पानावर छापलंत, चांगलं केलंत. पुढे तो केरळात सापडला आणि बातमी थंड झाली. पण परदेशात गेलेल्या, वारस नसलेल्या लोकांच्या जमिनी बरोबर हुडकून काढणं, पोर्तुगीज काळातले दस्त शोधणं, खोटे कागद तयार करून नोंद करून घेणं, हे एकट्या माणसाचं काम आहे का? असल्या कामात मधे बसून कुणीतरी सगळे कागद जुळवतो, ऑफिसातला माणूस आणि बाहेरचा माणूस यांची गाठ घालून देतो. त्या जागेवर कोण होतं, ते कोर्टात सिद्ध होईल तेव्हा होईल, पण प्रश्न तर विचारा.

आणि आता हे जास्त महत्त्वाचं झालंय कारण कायदा बदललाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम १११ संघटित गुन्हेगारीचं आहे, कमीत कमी पाच वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत, कुणाचा जीव गेला तर फाशीसुद्धा, आणि कट करणारा, मदत करणारा, तसंच लपवणारा आणि टोळीच्या पैशातून आलेली मालमत्ता बाळगणारा (या दोघांना कमीत कमी तीन वर्षं) हे सगळे त्यात येतात, म्हणजे डायरीवाल्याला धरायला कायद्यात जागा भरपूर आहे. पण त्याला एक अट आहे, मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त चार्जशीट कोर्टात दाखल झालेली असली पाहिजेत. आता प्रत्येक केस जर एकट्या पोरावर सुट्टी सुट्टी दाखल झाली आणि टोळीचा धागा कागदावर कुठेच आला नाही, तर हे कलम लागणार कसं? त्याच्या पुढचंच कलम ११२, छोट्या संघटित गुन्ह्यांचं, त्यात बेकायदा सट्टा-जुगार स्पष्ट लिहिलाय, टोळीचा सदस्य म्हणून केला तर कमीत कमी एक वर्ष कैद आणि जास्तीत जास्त सात. मला भीती ही आहे की पॅड घेऊन बसलेला पोरगा टोळीचा सदस्य म्हणून वर्षभर आत जाईल, आणि त्या टोळीचा कारभार ज्याच्याकडे आहे त्याचं नाव कागदावर येणारच नाही. पूर्वी निदान दंडावर सुटायचा.

दोन नंबरचा माणूस हातात आला तर त्याला माफीचा साक्षीदार करता येतो, ती सोय आपल्या कायद्यात जुनीच आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली आणि जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेनं ती प्रत्येक राज्यानं करायचीच असं सांगितलंय. अर्थात माफी देताना डोळे उघडे ठेवायला हवेत, त्या ग्रॅव्हानोला १९ खुनांनंतर फक्त पाच वर्षं शिक्षा झाली आणि बाहेर येऊन तो २००० मध्ये ॲरिझोनात ड्रग्जच्या धंद्यात परत पकडला गेला. मेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल? तरीही त्याच्याशिवाय गॉटी सुटलाच असता असं मला वाटतं. हा सौदा कडू आहे, पण तो करायचा की नाही याची चर्चा तरी आपल्याकडे पेपरातून झाली पाहिजे, ती मी गोव्यात कधी वाचली नाही.

तुमच्याकडून मला हवंय ते साधं आहे. पोलिसांची प्रेसनोट आली की वार्ताहरानं दोन प्रश्न जास्त विचारावेत, पकडलेल्या पोराचं कलेक्शन कोण नेत होता आणि त्याचा वकील कुणी दिला. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा. मोठी अटक झाली की सहा महिन्यांनी त्या केसचं काय झालं, किती जणांवर चार्जशीट गेली, तोच धंदा त्याच ठिकाणी परत सुरू झाला का, हे बघायला माणूस पाठवा. वीस वर्षांच्या पोराचं नाव, वाडा आणि फोटो छापायची घाई करू नका, निदान कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. आणि कुठल्याही गुंडाला डॉन, भाई, किंग असली विशेषणं लावू नका.

मटक्याच्या निकाली निघालेल्या केसींचे कागद त्या त्या कोर्टात अर्ज करून मिळतात. एकेका तालुक्याच्या मागच्या पाच वर्षांच्या फायली शेजारी शेजारी ठेवल्या तर वकील कोण, पंच कोण, जामीनदार कोण, कुठली नावं परत परत येतात ते कुणालाही दिसेल. तुमचा कुणी तरुण वार्ताहर हे काम करायला तयार असेल तर सर्टिफाइड कॉपीचा अर्ज कसा भरायचा, रजिस्टरमध्ये केस नंबर कसा शोधायचा, ते मी त्याच्याबरोबर येऊन दाखवीन, सकाळी दहा वाजता कोर्ट उघडतं तेव्हा आलेलं बरं.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी,
डिचोली, गोवा